पाटीवर नाव तुमचं, पण किचन कुणाचं?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ३३ वर्षांच्या आहेत. ११ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, सध्या सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालच्या शेफ आहेत. गेल्या वर्षी टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत त्या शेवटच्या चौघांत पोचल्या. तेव्हापासून लोक रस्त्यात थांबवून फोटो काढतात, व्हिडिओ लाखो लोक बघतात. आता एका गुंतवणूकदाराने प्रस्ताव ठेवलाय. रेस्टॉरंट त्यांच्या नावाचं, पैसा सगळा त्याचा, निव्वळ नफ्यातले १२ टक्के त्यांना, आणि दोन वर्षांत आणखी दोन शाखा. उत्तर तीन आठवड्यांत हवंय. नवरा म्हणतो, लक्ष्मी टिळा लावायला आलीय, तोंड धुवायला जाऊ नकोस. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या ते शेफ, त्यांचे 'सर', एवढंच म्हणाले की अजून तुझी तयारी नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलंय. त्या लिहितात, "आज हो म्हटलं नाही तर सहा महिन्यांत लोक मला विसरतील आणि मी जन्मभर दुसऱ्याच्या किचनमध्ये राबत राहीन. हो म्हणू का?"

उत्तर:

'दुसऱ्याच्या किचनमध्ये' हे तुमचे शब्द आहेत. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमचा सगळा निर्णय या दोन शब्दांवर उभा आहे असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलेला प्रस्ताव पुन्हा एकदा नीट बघू. जागेचा भाडेकरार त्याच्या कंपनीच्या नावावर. भट्ट्या, फ्रीज, भांडीकुंडी त्याची. परवाने त्याचे, बँकेचं खातं त्याचं, पगार देणारा तो. तुमचं काय, तर पाटी. मग हे किचन तुमचं कसं? ते दुसऱ्याचंच आहे, फक्त त्यावर तुमचं नाव आहे. आज तुमच्या हॉटेलात एखादी डिश बिघडली तर गिऱ्हाईक हॉटेलला नावं ठेवतं. उद्या ते तुम्हाला नावं ठेवेल, आणि ती डिश करणाऱ्या मुलाला कामावर घ्यायचा किंवा काढायचा अधिकारही तुमच्याकडे नसेल.

न्यूयॉर्कमधल्या रॉको डिस्पिरिटो या शेफची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. हातात कसब असलेला, समीक्षकांनी वाखाणलेला माणूस. २००३ मध्ये एका गुंतवणूकदाराच्या पैशावर त्याने स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं, आणि ते उभं राहतानाची सगळी धावपळ टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी टिपली. लोक दारात रांगा लावून उभे राहिले. वर्षभरात दोघांचं बिनसलं, भांडण कोर्टात गेलं आणि २००४ मध्ये कोर्टाने या शेफला रेस्टॉरंटच्या आत पाऊल ठेवायला मनाई केली. आत कुणी जायचं आणि कुणी नाही, हे पाटीवर कुणाचं नाव आहे यावरून ठरलं नाही. त्याच वर्षी ते बंदही झालं.

तुमचा गुंतवणूकदार वाईट माणूस आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पैसा लावणाऱ्याने स्वतःच्या सोयीचा प्रस्ताव ठेवावा यात गैर काही नाही. तुमच्या सोयीचं काय हे मात्र तुम्हालाच मांडावं लागेल, आणि पत्रावरून दिसतंय की ते तुम्ही अजून मांडलेलं नाही. समोरून जे आलं त्याला हो किंवा नाही, एवढेच दोन रस्ते तुम्हाला दिसताहेत.

आता 'सहा महिन्यांत लोक विसरतील' याबद्दल. टीव्हीचे प्रेक्षक विसरतील हे खरं असू शकतं, पुढच्या वर्षी नवे चौघे येतीलच. पण रेस्टॉरंट त्यांच्यावर चालत नाही. ओळखीचा चेहरा बघायला माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा तो का येतो हे तुम्ही ११ वर्षं रोज बघताय. जेवण गरम आलं, मागच्या वेळची चव या वेळीही तीच होती, वाढणाऱ्याने विचारपूस केली, बिल अवाजवी वाटलं नाही, म्हणून येतो. नावामुळे पहिले तीन-चार महिने टेबलं भरतील. पुढचं सगळं या गोष्टींवर.

आणि ज्यांच्याकडे बघून ही घाई होते त्यांची वर्षं मोजून बघा. ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमझे आधी लंडन आणि पॅरिसमध्ये मोठमोठ्या शेफच्या हाताखाली राबले. १९९३ मध्ये दुसऱ्याच्या रेस्टॉरंटचे मुख्य शेफ झाले. तिथे २५ टक्के हिस्सा असूनही मालकांशी खटकलं, तेव्हा बाहेर पडले, आणि बरोबरचा चमूही त्यांच्यासोबत आला. स्वतःचं पहिलं रेस्टॉरंट १९९८ मध्ये, मिशलिन या नावाजलेल्या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, स्टार २००१ मध्ये. टीव्हीमुळे घरोघर ओळख झाली ती त्यांचं किचन उभं राहिल्यानंतर. संजीव कपूर १९९३ मध्ये टीव्हीवर दिसू लागले तेव्हा ते हॉटेलच्या किचनची धुरा सांभाळून तयार झालेले शेफ होते. अमेरिकेत टीव्हीवरून स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड टीव्हीवर आल्या १९६३ मध्ये, पन्नाशीत, आणि त्यांनी जन्मात कधी रेस्टॉरंट चालवलं नाही. हे शेवटचं उदाहरण जरा लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचंय. तुमची ओळख आधी झाली आणि किचन नंतर येतंय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण क्रम उलटा आहे आणि त्याचा भार तुमच्यावर पडणार आहे.

तो भार कसा असतो हे तुम्हाला मी काय सांगणार! तरी एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. साडेआठ वाजलेत. पासवर, म्हणजे प्लेटा बाहेर जाण्याआधी तपासायच्या ओट्यावर, दिव्याखाली चार प्लेटा लागल्यात, वर केओटीच्या, म्हणजे ऑर्डरच्या, चिठ्ठ्या ओळीने खोचलेल्या, हातातल्या फडक्याने तुम्ही प्लेटची कड पुसताय. तिसऱ्या प्लेटमधला सॉस किंचित चकाकतोय, जरा जास्तच. पाण्याच्या ग्लासातला चमचा उचलून तुम्ही चव घेता. आटलाय, खारट झालाय. तुम्ही काही न बोलता प्लेट मागे सरकवता, सॉसवरचा मुलगा मान खाली घालून नवीन पातेली चढवतो. पाच सेकंदांचं काम, बाहेर बसलेल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या नावाची जी काही किंमत आहे ती या पाच सेकंदांत आहे. आता तिसरी शाखा उघडल्यानंतरचा एखादा साधा मंगळवार घ्या. साडेआठ वाजता तुम्ही तीनपैकी कुठल्या पासवर आहात? आणि उरलेल्या दोन ठिकाणी ती प्लेट मागे कोण सरकवतंय?

या प्रश्नाने भल्याभल्यांना छळलंय. ब्रिटिश शेफ मार्को पिअर व्हाइट यांना वयाच्या ३३ व्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात, तीन मिशलिन स्टार मिळाले. १९९९ मध्ये त्यांनी ते परत केले आणि चुलीपासून बाजूला झाले. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की एकतर आठवड्याचे सहा दिवस किचनचा कैदी होऊन राहायचं, नाहीतर स्वतः चुलीपुढे नसताना लोकांकडून चढे दाम घेऊन खोटेपणा करायचा. तिसरा रस्ता त्यांना दिसला नाही. तो आहे, पण सोपा नाही. रॅमझे यांच्या लंडनमधल्या त्या पहिल्या रेस्टॉरंटचे तीन स्टार २००१ पासून टिकलेत, आणि रॅमझे तिथे रोज उभे नसतात. क्लेअर स्मिथ यांच्यासारख्या शेफने ते किचन कित्येक वर्षं स्वतःचं समजून चालवलं. नंतर त्यांनी स्वतःचं रेस्टॉरंट काढलं आणि २०२१ मध्ये तिथेही तीन स्टार मिळवले. म्हणजे दुसऱ्या शाखेआधी तुम्हाला जागा शोधायची नाहीये, स्वतःच्या तोडीचा माणूस घडवायचाय. असा माणूस दोन वर्षांत एक तयार झाला तरी नशीब. दोन शाखांसाठी दोन लागतील. प्रस्तावात त्यांच्या पगाराचा, हिश्श्याचा उल्लेख आहे का? तुमच्या पत्रात तरी मला दिसला नाही.

भराभर वाढण्याचं काय होतं याचंही एक उदाहरण सगळ्यांसमोर आहे. टीव्हीवर गाजलेले ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांच्याइतकी लोकप्रियता फार थोड्या शेफच्या वाट्याला आलीय. २००८ मध्ये त्यांनी इटालियन रेस्टॉरंटची साखळी सुरू केली आणि ती झपाट्याने पसरली. २०१९ च्या मे महिन्यात त्यांच्या ब्रिटनमधल्या रेस्टॉरंटचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला. २५ पैकी २२ बंद झाली आणि सुमारे हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या. चढी भाडी, वाढलेली स्पर्धा, आणि आपलं वेगळेपण हरवत गेलेली साखळी. त्यांचं नाव तेव्हाही तितकंच मोठं होतं. मला या गोष्टीत त्या हजार लोकांचं फार वाटतं. ते त्या नावावर विश्वास ठेवून आले होते. तुमच्या नावावरही माणसं येतील, तुमच्या आत्ताच्या किचनमधली दोन-तीन तर नक्कीच नोकरी सोडून येतील.

आता हिशेब. मी किचनमध्ये नाही, पण रेस्टॉरंटच्या हिशेबाच्या टेबलावर १४ वर्षं बसलेय, त्यामुळे इथे जरा रेंगाळते. गल्ल्यात शंभर आले असं धरा. धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की तीसच्या आसपास कच्च्या मालाला जातात, जवळजवळ तेवढेच पगारांना, दहाच्या आसपास भाड्याला. मग वीज, गॅस, दुरुस्ती, फुटतूट, धुलाई, कार्डाचं आणि घरपोच पोचवणाऱ्या ॲपचं कमिशन, जाहिरात. सगळं नीट चाललं तर हातात पाच ते दहा उरतात. त्यातले १२ टक्के तुमचे. म्हणजे शंभरामागे जेमतेम एक, तेही चांगल्या वर्षी. स्पेनमधल्या एल बुली या रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळावं म्हणून जगभरचे लोक धडपडायचे, तरी ते रेस्टॉरंट स्वतःच्या जेवणावर पैसे कमवत नव्हतं. तिथले शेफ फेरान आद्रिया यांची कमाई पुस्तकं, व्याख्यानं आणि सल्लागारीतून व्हायची. २०११ मध्ये त्यांनी ते बंद केलं.

आणि 'निव्वळ' हा शब्द. माझ्या ओळखीतल्या एका शेफच्या करारात तो होता. शनिवार-रविवार टेबल मिळायचं नाही इतकी गर्दी. पण गुंतवणूकदाराचीच दुसरी एक कंपनी दर महिन्याला 'व्यवस्थापन शुल्क' आधी कापून घ्यायची, मग कर्जाचा हप्ता, मग नफा. दोन वर्षं नफा शून्यच दिसला. तो गडी रोज १४ तास उभा राहून सरळ पगारावर राबला, आणि कागदावर सगळं कायदेशीर होतं. त्याने माझ्यासमोर करार उघडून दाखवला तेव्हा सगळीकडे त्याच्याच सह्या होत्या.

तेव्हा टक्केवारीवर घासाघीस करण्याआधी ती कशाची टक्केवारी आहे हे विचारा. नफ्याऐवजी एकूण विक्रीवरचे दोन-तीन टक्के आणि त्यावर ठरलेलं मानधन, हे पुष्कळदा जास्त सुरक्षित पडतं, कारण विक्रीचा आकडा लपवणं अवघड. कंपनीत खरे शेअर द्यायला तो तयार असेल तर उत्तमच. ते दरवर्षी थोडे थोडे तुमच्या नावावर होत जातील असं ठरवता येतं, त्याने त्यालाही धीर येतो की तुम्ही मध्येच सोडून जाणार नाही.

नाव मात्र विकू नका. वापरायला द्या: ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक जागेसाठी, लेखी. तुम्ही बाहेर पडलात तर अमुक दिवसांत पाटी उतरेल, हे करारात असायलाच हवं. ट्रेडमार्कची नोंदणी स्वतःच्या नावावर करा आणि ती सही करण्याआधी करा. मेनू, पुरवठादार, किचनमधली भरती यावर शेवटचा शब्द कुणाचा, हेही लिहून घ्या. प्रत्येक नव्या शाखेला तुमची वेगळी संमती लागेल. सोडल्यावर किती काळ, किती अंतरात दुसरीकडे काम करता येणार नाही, हे कलम बारकाईने वाचा, कारण त्यात तुमची पुढची वर्षं अडकतात. आणि हे सगळं तुमच्या वकिलाकडून. त्याच्या वकिलाने 'मी दोघांचं बघतो' म्हटलं तरी नाही.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टाने बोलणार. जागेच्या भाड्याची किंवा कर्जाची वैयक्तिक हमी देऊ नका, कितीही गोड बोलून सही मागितली तरी. रॅमझे यांच्यासारखा मुरलेला माणूसही यात सापडला. लंडनमधल्या एका जागेच्या २५ वर्षांच्या भाडेकरारावर त्यांची वैयक्तिक हमी होती, भाडं वर्षाला ६,४०,००० पौंड. ती सही आपल्या सासऱ्यांनी सही करणाऱ्या यंत्राने आपल्याला न सांगता केली, असं त्यांचं म्हणणं होतं. कारभार सासरेच बघत होते. २०१५ मध्ये कोर्टाने निकाल दिला की सासऱ्यांना तसा अधिकार होता आणि हमी बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसं यंत्र नाही, पण घाईत पानं उलटून केलेली सहीही तेवढीच बांधून टाकते.

आता तुमचे सर. त्यांचे शब्द लागले हे मी समजू शकते, ११ वर्षं ज्यांच्याकडून शाबासकीची वाट बघितली त्यांच्याकडून हे ऐकणं कठीणच. पण त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि तुम्ही ते स्वतःच पुरं केलंत, 'तुझी तयारी नाही' म्हणजे 'तू चांगली शेफ नाहीस'. कशाची तयारी नाही, हे तुम्ही विचारलंच नाही. असं बघा: महिन्याचा मालाचा हिशेब तुम्ही एकटीने कधी जुळवलाय का? ड्युटीचं वेळापत्रक लावताना दोन माणसं अचानक गेल्यावर काय केलंत? पुरवठादाराशी भाव तुम्ही ठरवता की सर? कुणाला नोकरीवरून काढायची वेळ तुमच्यावर आलीय का? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं 'नाही' असतील तर सर बहुधा त्याबद्दल बोलत होते, आणि या सगळ्या गोष्टी वर्षभरात शिकता येतात. कदाचित त्यांच्या मनात तुम्ही जाण्याची भीतीही असेल. चांगला सू शेफ गेला की मुख्य शेफचे वर्षभर हाल होतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

यजमानांनाही एक विनंती. लक्ष्मी आलीय हे त्यांचं म्हणणं मी खोटं पाडत नाही. पण टिळा लावून घेताना करार कुणी लिहिलाय हे बघायला हरकत नसावी. आणि घरचं गणित त्यांच्यासोबत बसून मांडा: रेस्टॉरंट सुरू झाल्यावर पहिली दीड-दोन वर्षं तुमच्याकडून घरात काहीच पैसे आले नाहीत तर चालेल का, आणि तुम्ही रात्री बारानंतर घरी पोचलात तर घर कोण बघणार.

मग करायचं काय? मला विचाराल तर गुंतवणूकदाराला नाही म्हणू नका. त्याला उलट प्रस्ताव द्या. तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री, दुसऱ्या कुणाची तरी जागा भाड्याने घेऊन तीसएक माणसांचं जेवण. छोटा मेनू, सात-आठ पदार्थ. नोकरी चालू ठेवून जमत असेल तर तशी, नाहीतर बिनपगारी रजा मागून. मालाची खरेदी, भाव, पगार, सगळं तुम्ही बघायचं आणि रोज रात्री हिशेब लिहायचा. दुसऱ्यांदा कोण आलं याची वेगळी नोंद ठेवायची, माझ्या मते सगळ्यात मोलाचा आकडा तो. तीन महिन्यांनंतर तुमच्या हातात टीव्हीची प्रसिद्धी तर असेलच, शिवाय स्वतःचे आकडे असतील, आणि आकडे घेऊन बोलणाऱ्या शेफशी गुंतवणूकदार वेगळ्या सुरात बोलतो. तो एवढं थांबायला तयार नसेल तर त्याला तुमचं रेस्टॉरंट हवं होतं की या वर्षीचा चेहरा, हे आत्ताच कळलेलं बरं.

आणि ज्युलिया चाइल्ड. तुमच्या पत्रात एक ओळ होती, जाता जाता लिहिलेली: व्हिडिओत नवशिक्यांना शिकवताना 'वेळ कसा जातो कळत नाही'. रेस्टॉरंटबद्दल लिहिलेल्या दोन पानांत असं वाक्य एकदाही आलं नाही. तिथे संधी, नाव, विसरतील, राबेन हे शब्द आहेत. यावरून मी काही ठरवत नाही, दोन पानांच्या पत्रावरून कुणाचं आयुष्य ठरवू नये. पण शिकवणं, पुस्तक, सल्लागारी, स्वतःचं एखादं उत्पादन हीसुद्धा शेफचीच कामं आहेत आणि त्यात नाव तुमच्याकडेच राहतं. शेफच्या वाटेचं शेवटचं स्टेशन रेस्टॉरंटच असलं पाहिजे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

तीन आठवड्यांतला एक बहुतेक हे वाचेपर्यंत संपला असेल. या आठवड्यात दोनच कामं करा. एक, कराराचा मसुदा लेखी मागवा, तोंडी बोलण्यावर एक पाऊलही पुढे नको. दोन, सरांना भेटा. किचनमध्ये नको, सर्व्हिसनंतर तर नकोच, तेव्हा दोघंही थकलेले असता. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, वही घेऊन जा, आणि त्यांचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांच्याकडूनच पुरं करून घ्या.